खुडूक कोंबडी आणि एकवीस दिवसांचे रवण

१. कोंबडी टोपल्यातून उठत का नाही?

परसात चार कोंबड्या असलेल्या घरात हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा पडतोच. परवापर्यंत अंडी देणारी कोंबडी अचानक टोपल्यात ठाण मांडून बसते. हात पुढे केला की पिसे फुलवून चोच मारते. उठलीच तर घशातून ‘खुडुक-खुडुक’ असा एकसुरी आवाज काढत अंगणातून घाईने फिरते आणि पुन्हा टोपल्यात जाते. नवख्याला ती आजारी वाटते. घरातली जाणती बाई मात्र लांबूनच ओळखते की कोंबडी खुडूक झाली, आता तिला रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायला हवे.

अंडी घालणे आणि अंडी उबवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. कोंबडीचे शरीर एका वेळी त्यांतले एकच काम करते. गावठी कोंबडी रोज किंवा दिवसाआड एक अंडे घालत जाते. टोपल्यात दहा-बारा अंडी साठली की पोटाला होणारा त्यांचा स्पर्श, आडोशाचा अंधार आणि ऊब यांचा एकत्र परिणाम होऊ लागतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे द्रव्य, जास्त प्रमाणात सुटते. गाईम्हशींत आणि माणसांत हेच संप्रेरक आईला दूध आणते. कोंबडीला दूध नसते. तिच्यात ते अंडी तयार करणारा अवयव आखडवते, भूक मंद करते आणि बसून राहण्याची ओढ लावते. लाल तुरा फिकट पडतो. पोटाखालची पिसे झडतात, आणि तिथली उघडी कातडी रक्तवाहिन्यांनी भरून गरम राहते. कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते, माणसाच्या अंगापेक्षा चार अंशांनी जास्त. एरवी पिसे ही ऊब आत अडवून धरतात. पोटाखाली ती अडसर काढल्यासारखी दूर होतात आणि अंडे थेट गरम कातडीला टेकते.

म्हणूनच ज्या घरात अंडी रोज उचलली जातात तिथे कोंबडी उशिरा खुडूक होते, आणि जिथे ती टोपल्यातच साठू दिली जातात तिथे लवकर.

२. सगळ्याच कोंबड्या बसतात का?

बसत नाहीत, आणि यामागे माणसाचा हात आहे. पाळीव कोंबडीचे मूळ असलेली लाल रानकोंबडी वर्षातून थोडीच अंडी घालते, उबवते आणि पिल्ले वाढवते. तिच्या लेखी अंडे म्हणजे पिल्लूच. गावठी कोंबडीही फार बदललेली नाही. ती वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, तीही तीन-चार हप्त्यांत, आणि दर हप्त्यानंतर बसायला मागते. अंड्यांचा व्यापार करणाऱ्यांना हे बसणे परवडणारे नव्हते. बसणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढत गेल्यावर व्हाइट लेगहॉर्नसारखी जात हाती आली. ती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी घालते आणि खुडूक होणे जवळपास विसरली आहे.

परसातल्या पालनासाठी पुढे मधला मार्ग निघाला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या पक्ष्यांनी खेड्यांत चांगला जम बसवला. ते गावठीपेक्षा लवकर वाढतात आणि अंडीही बरीच जास्त देतात. पण त्यांच्यात बसण्याची वृत्ती कमी असते, त्यामुळे पुढची पिढी घरात निघत नाही आणि दर वेळी पिल्ले विकत आणावी लागतात. ज्या घरांनी सुधारित पक्ष्यांच्या नादाने गावठी कोंबड्या काढून टाकल्या, त्यांना हे वर्षभरात कळते. उबवणी यंत्राऐवजी एक-दोन गावठी कोंबड्या खास बसण्यासाठी ठेवणे स्वस्त पडते. शिवाय त्यांना वीज लागत नाही.

हा जोडधंदा किरकोळ समजू नये. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या-बदकांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातल्या होत्या, आणि हा आकडा आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेला होता.

बसवण्यासाठी कोंबडी निवडताना तिचे रूप पाहू नये. आधी एकदा पिल्ले काढून ती नीट वाढवलेली मध्यम बांध्याची कोंबडी सर्वांत भरवशाची. पहिल्यांदाच खुडूक झालेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कधी कधी आठव्या-दहाव्या दिवशी कंटाळून उठते. तिला बसवायचेच असेल तर दोन-तीन दिवस नुसत्या एखाद-दुसऱ्या अंड्यावर बसवून तिची चिकाटी पाहावी. रात्री हात लावल्यावरही ती जागची हलली नाही, तर तिला चांगली अंडी द्यावीत.

३. बसवायची नसेल तर?

घरात पिल्लांना जागा नाही, पावसाळा तोंडावर आहे, किंवा एकाच वेळी तीन कोंबड्या खुडूक झाल्या, असे होतेच. अशा वेळी खेड्यांत कोंबडीला पाण्यात बुडवतात, पायाला दोरी बांधून ठेवतात, काही ठिकाणी तिच्याच पिसाचा देठ नाकपुडीतून आरपार घालतात. शेवटचा उपाय निव्वळ छळ आहे. कोंबडी त्याने हैराण होते आणि जखम चिघळते, एवढेच.

काम करणारा उपाय साधा आहे. गरम पोट, अंधार आणि मऊ टोपले या तीन गोष्टी मिळून तिला बसवतात, त्या तीनही काढून घ्यायच्या. तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर ठेवून खालून वारा खेळता करावा. पिंजरा उजेडात, पण सावलीत असावा. आत दाणा-पाणी ठेवावे, गवताची काडीही नसावी. पोट थंड राहिले की तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्यांची खुमखुमी उतरते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंडी पुन्हा सुरू होतात. खुडूक झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हे केले तर लवकर साधते. दहा दिवस बसलेल्या कोंबडीला उठवणे अवघड जाते.

४. कोणती अंडी ठेवावीत?

दुकानातल्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत, कारण त्या कोंबड्यांचा कोंबड्याशी संबंधच आलेला नसतो. कोंबडी कोंबड्यावाचूनही अंडे घालते, फक्त ते फलित नसते. परसात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा पुरतो. कोंबडीच्या अंडनलिकेत नराचे बीज साठवून ठेवणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यामुळे एकदा मिलन झाले की पुढचे दहा-बारा दिवस, कधी त्याहून जास्त, अंडी फलित येत राहतात. यातून एक व्यवहारी नियम निघतो. कोंबडा बदलून नव्या कोंबड्याची पिल्ले हवी असतील तर जुना नेल्यावर तीन आठवडे थांबावे, नाहीतर जुन्याचीच पिल्ले निघायची.

अंडे मध्यम आकाराचे, नितळ कवचाचे, तडा न गेलेले असावे. मळलेले अंडे धुण्याचा मोह टाळावा. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर घालतानाच एक पातळ लेप चढलेला असतो. पाणी लागले की तो जातो आणि घाण आत शिरायला वाट मिळते. वाळलेली माती कोरड्या फडक्याने पुसावी. फार बरबटलेले अंडे खाण्यासाठी ठेवावे.

किती दिवसांचे अंडे चालेल? सात दिवसांपर्यंतचे उत्तम. दहा दिवसांनंतर पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरत जाते. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यातली बरीच रवणे तिच्यामुळेच फसतात. फलित अंडे घातले जाते तेव्हा आतल्या जिवाची वाढ आधीच सुरू झालेली असते, कारण ते कोंबडीच्या पोटातल्या उबेत जवळपास दिवसभर असते. बाहेर थंड जागी आल्यावर ही वाढ थांबते. तापमान साधारण २० अंशांच्या खाली असेल तर ती पूर्ण थांबलेली राहते, जणू बी कोरड्या मातीत पडले आहे. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात सावलीतही ४० अंशांवर पारा जातो. तिथे पत्र्याखाली ठेवलेल्या अंड्यात वाढ अर्धवट सुरू होते, रात्री मंदावते, पुन्हा सुरू होते. कोंबडी बसण्याआधीच तो जीव मरतो किंवा दुबळा होतो. मग दोष कोंबडीला दिला जातो. उन्हाळ्यात बसवायचेच असेल तर मडक्यात अंडी घालून ते मडके ओल्या वाळूवर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे आणि चार-पाच दिवसांपलीकडे साठवू नये. फ्रिजचा कप्पा मात्र प्रमाणाबाहेर थंड असतो.

अंड्यांची संख्या कोंबडीच्या पंखांनी ठरवावी. सगळी अंडी पोटाखाली झाकली गेली पाहिजेत. सव्वा-दीड किलोच्या गावठी कोंबडीला दहा-बारा पुरेत, थंडीत दोन कमीच. हावरेपणाने अठरा ठेवली तर कडेची गार पडतात. कोंबडी अंडी आतबाहेर फिरवत राहते, त्यामुळे आज एक गार पडते तर उद्या दुसरे, आणि शेवटी बाराऐवजी पाचच पिल्ले निघतात.

५. टोपले आणि बसवण्याची वेळ

वेताचे टोपले, जुनी पाटी, फुटके घमेले, काहीही चालते. तळाला राख किंवा माती पसरून वर भाताचा पेंढा किंवा मऊ गवत घालावे आणि मधोमध बशीसारखा खळगा करावा. खोल खळग्यात अंडी एकमेकांवर चढून फुटतात, सपाट टोपल्यात पांगतात. राखेमुळे उवा-पिसवांना आळा बसतो. याकडे दुर्लक्ष करू नये, कारण तीन आठवडे एका जागी बसलेल्या कोंबडीवर किडे तुटून पडतात. त्यांनी हैराण होऊन पंधराव्या दिवशी टोपले सोडणारी कोंबडी ‘वाईट’ ठरते, हा तिच्यावर अन्याय आहे.

जागा अंधारी, कोरडी आणि इतर कोंबड्यांपासून दूर हवी. नाहीतर दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपल्यात येऊन ताजी अंडी घालतात आणि कोणते अंडे कधीचे याचा मेळ राहत नाही. म्हणून ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करण्याची जुनी पद्धत चांगली. बिनखुणेचे अंडे दिसले की उचलता येते. काही घरांत ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपल्यात लोखंडाचा खिळा ठेवतात. खिळ्याने काही होत नाही. पावसाळी दिवसांत अंडी नासतात ती ओल आणि उष्म्यामुळे.

कोंबडीला नव्या जागी हलवायचे असेल तर रात्री हलवावे. अंधारात ती शांत असते, आणि सकाळी जाग येते तेव्हा पोटाखाली अंडी असल्याने ती जागा आपली मानते. सर्व अंडी एकाच वेळी ठेवावीत. आज पाच, परवा चार असे केल्यास पहिली पिल्ले निघताच कोंबडी त्यांच्यामागे निघून जाते आणि उरलेली अंडी तशीच राहतात. कोंबडी स्वतःही याच नियमाने चालते. पंधरवडाभर अंडी घालत जाते, पण नीट बसते शेवटी. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या अंड्यातली पिल्ले एकाच दिवशी बाहेर येतात.

हंगाम पाहिला तर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत बरा. निघालेली पिल्ले कोरड्या हवेत वाढतात आणि पावसापूर्वी अंगात जोर धरतात.

६. एकवीस दिवसांत आत काय घडते?

दुसरा दिवस संपण्याच्या सुमारास हृदय ठोके देऊ लागते. चौथ्या दिवसापर्यंत बलकावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते, आणि सातव्या रात्री हे माणसालाही पाहता येते. अंधाऱ्या खोलीत जाड पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून त्यामागे बॅटरी धरावी आणि अंड्याचे बूड, म्हणजे रुंद टोक, भोकावर टेकवावे. जिवंत अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्यातून पाय पसरलेल्या कोळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. अफलित अंडे आरपार पिवळसर, नितळ दिसते. नुसते लाल कडे दिसले तर जीव सुरुवातीलाच मेला. अशी अंडी काढून टाकावीत, कारण ती उबेत नासतात आणि फुटली तर सगळे टोपले घाण करतात. चौदाव्या रात्री पुन्हा पाहिले तर जिवंत अंडे जवळपास पूर्ण काळे झालेले असते, फक्त बुडाशी हवेची पोकळी उजळ दिसते.

ही पोकळी दिवसेंदिवस मोठी होत जाते. छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि एकवीस दिवसांत अंड्याचे वजन साधारण आठव्या हिश्शाने घटते. सुटलेल्या जागेत हवा साठते आणि ती हवा पिल्लाचा पहिला श्वास ठरते.

कोंबडी या काळात नुसती बसलेली दिसते, पण ती सतत कामात असते. चोचीने आणि पायांनी ती दिवसातून अनेकदा अंडी उलटवते. न उलटवलेल्या अंड्यात कोवळा जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, तव्यावर न हलवलेले धिरडे चिकटते तसा. यंत्रात हेच काम मोटर करते. आतल्या अंड्याला सुमारे साडेसदतीस अंशांची ऊब लागते. कोंबडी ती उठून-बसून, पिसे सैल-घट्ट करून सांभाळते.

दिवसातून एकदा ती उठते. पंधरा-वीस मिनिटे, कधी अर्धा तास. घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि एक मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. त्या वासाने घाबरू नये. टोपले घाण होऊ नये म्हणून ती दिवसभर शरीर आवरून धरते. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार होतात, त्याने बिघडत नाही. पण जी कोंबडी आपणहून उठतच नाही, तिला रोज ठरलेल्या वेळी हळूच उचलून बाहेर ठेवावे. उचलण्याआधी पंखांखाली हात घालून पाहावा, कारण कधी एखादे अंडे पंखात अडकून येते आणि खाली पडून फुटते. खाण्यासाठी ज्वारी किंवा मका असे अख्खे, पचायला सावकाश जाणारे धान्य द्यावे. या तीन आठवड्यांत तिचे वजन चांगलेच उतरते.

७. पिल्ले बाहेर येताना

अठराव्या दिवसानंतर अंडी हाताळू नयेत. एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जाऊ लागतो. त्यानंतर ते चोचीने आतला पडदा फोडून हवेच्या पोकळीत डोके घालते आणि फुप्फुसाने श्वास घेते. आता टोपल्याजवळ कान नेला तर अंड्यातून बारीक चिवचिव येते. कोंबडीला ती ऐकू जाते, आणि तिचा आवाज बदलतो. पिल्लू जन्मण्यापूर्वीच आईचा आवाज ओळखू लागते.

चोचीच्या टोकावर एक कठीण काटा असतो. तो फक्त याच कामासाठी, नंतर गळून पडतो. त्याने कवचाला पहिला तडा जातो, आणि मग काहीच घडत नाही. बारा तास, कधी जास्त. इथेच माणसाचा धीर सुटतो. ‘अडकले बिचारे’ म्हणत लोक कवच सोलतात, पडद्यातून रक्त येते आणि पिल्लू मरते. त्या स्तब्ध तासांत पडद्याच्या रक्तवाहिन्यांतले रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असते आणि बलक पूर्ण आत शिरत असतो. ते काम झाले की पिल्लू गोल फिरत बुडाशी टोपीसारखे झाकण कापते आणि पाय ताणून बाहेर पडते. ओले, लोळागोळा, अजिबात गोंडस नसलेले. आईच्या पंखाखाली काही तासांत वाळून ते कापसासारखे होते.

पोटातला बलक ही शिदोरी असते. तिच्यावर पिल्लू दोन दिवस, कधी तीनही दिवस, अन्नपाण्यावाचून काढते. पहिले पिल्लू शेवटच्यासाठी थांबू शकते ते यामुळेच, आणि हॅचरीतली एक दिवसाची पिल्ले खोक्यातून लांबवर पाठवता येतात तीही यामुळेच. म्हणून पहिले पिल्लू दिसताच दाणे टाकून कोंबडीला उठवू नये. बहुतेक पिल्ले निघाली की ती स्वतः उठते. बाविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत न फुटलेली अंडी सहसा गेलेली असतात.

८. आई नेमके काय करते?

नव्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. यंत्रातून आणलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान द्यावे लागते आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवावे लागते. त्यासाठी बल्ब, पत्रा, रात्री दोनदा उठणे आणि वीज गेली की धावपळ हे सगळे ओघाने आले. कोंबडीकडे हे सारे पंखाखाली असते. पिल्ले गार पडली की आत शिरतात, गरम झाली की बाहेर येतात. महिनाभरात पिसे फुटली की आत शिरणे कमी होते.

दुसरे काम खायला शिकवण्याचे. टोच मारणे पिल्लाला उपजत येते, पण कशावर मारावी ते नाही. ते खडा, स्वतःच्या पायाचे नख, सावलीचा ठिपका, सगळ्यावर चोच मारते. कोंबडी दाणा किंवा किडा सापडला की भरभर ‘टुक-टुक-टुक’ करते, तो उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते. पिल्ले धावत येतात आणि तोच टिपतात. उकिरडा कसा उकरायचा, धुळीत कसे लोळायचे, पाणी पिऊन मान कशी वर करायची, हे सगळे तिच्या मागेमागे फिरून होते.

तिसरे काम राखणीचे. घार दिसली की ती एकच लांब, चढा आवाज काढते आणि पिल्ले जिथे असतील तिथे गवतात, आईखाली, झुडपात गप्प होतात. मांजर किंवा कुत्रे जमिनीवरून आले तर आवाज वेगळा, तुटक आणि लांबत जाणारा असतो, आणि मग ती पिसे फुलवून अंगावर जाते. ऐकण्याची सवय झाली की घरातल्या माणसालाही आवाजावरून वर पाहायचे की खाली ते कळते.

पिल्ले आईला ओळखतात कशी? १८७३ साली डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज अभ्यासकाने लिहून ठेवले की, अंड्यातून निघालेली पिल्ले सुरुवातीच्या दिवसांत जे हलते त्याच्या मागे जाऊ लागतात, मग ती आई असो वा माणूस. पुढे कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसाच्या पिल्लांवर याच विषयाचे काम केले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ चे नोबेल विभागून मिळाले. परसातल्या पालनाला यातून एक उपयोगी युक्ती मिळते.

९. परकी पिल्ले कोंबडीला कशी द्यावीत?

कोंबडी दिवस मोजत नाही. पोटाखाली जीव वळवळू लागला की तिचे उबवणे संपते आणि आईपण सुरू होते. म्हणून कमीत कमी दोन आठवडे बसलेल्या कोंबडीखाली विकत आणलेली वनराजाची पिल्लेही घालता येतात. पिल्ले एक-दोन दिवसांचीच हवीत, मोठी झालेली तिच्या मागे जात नाहीत. रात्र झाल्यावर, बॅटरी न लावता, एकेक अंडे काढून तिथे एकेक पिल्लू सरकवावे. पहाटे जवळ थांबून पाहावे. ती हळू आवाजात बोलत असेल तर जमले. चोच मारत असेल तर पिल्ले लगेच काढून घ्यावीत. तिची स्वतःची काळी पिल्ले दोन दिवस आधी निघालेली असतील आणि नंतर पांढरी घातली तर काही कोंबड्या रंगावरून परकी ओळखतात.

बदकाची अंडीही कोंबडीखाली निघतात. त्यांना २८ दिवस लागतात आणि तेवढे ती बसते, फक्त तिला या काळात जास्त खाऊ घालावे लागते. पुढे पिल्ले डबक्यात उतरतात तेव्हा काठावर ती जो आकांत करते तो पाहवत नाही.

१०. पहिले दोन महिने

पहिला आठवडाभर आई आणि पिल्ले डालग्याखाली किंवा बंदिस्त खुराड्यात ठेवावीत. या आठवड्यात सर्वांत जास्त पिल्ले कावळे नेतात. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. तांदळाची कणी आणि भरडलेली ज्वारी हे घरोघरचे खाद्य. त्याने पोट भरते, पण वाढीला लागणारी प्रथिने पुरत नाहीत. मोकळ्यावर सोडलेली पिल्ले ती तूट किड्यांनी भरून काढतात. खेड्यात शेण आणि काडीकचरा भरलेले मडके वाळवीच्या जागी रात्रभर पालथे घालतात आणि सकाळी जमलेली वाळवी पिल्लांपुढे झाडतात. याहून चांगले प्रथिन फुकटात मिळत नाही. बाजारचे खाद्य आणले तर पिल्लांसाठीचेच आणावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी जास्त चुना असतो आणि तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

दोन रोगांनी परसे रिकामी होतात. पहिला मानमोडी, म्हणजे राणीखेत. तो विषाणूने होतो आणि एकदा शिरला की त्यावर औषध नाही. पिल्लांना सातव्या दिवसाच्या सुमारास लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या आत पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचण्याची लस, असा साधारण क्रम असतो. अडचण अशी की कुपीत शंभराच्या पटीत मात्रा असतात आणि उघडल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. सात पिल्लांसाठी कोण आणणार? म्हणून आळीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी लस देण्याचे ठरवावे. लस बर्फात आणावी. शर्टाच्या खिशातून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

दुसरा रोग रक्ती हगवण. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल्या, उबदार भुश्यात दोन दिवसांत पिकून पिल्लाला लागण्याजोगे होतात. म्हणजे अंथरूण कोरडे ठेवणे आणि दर दोन दिवसांनी डालग्याची जागा बदलणे हाच निम्मा उपचार. पावसाळी पिल्ले जगत नाहीत या समजाचे मूळ इथे आहे. कोंबड्यांच्या देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात द्यावी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर इथे देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. एकाच वेळी अनेक पक्षी मरू लागले तर ते उकिरड्यावर टाकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

रात्रीचे शत्रू वेगळे. मुंगूस कुडाखालून उकरून येते, घूस फटीतून पिल्लू ओढते, साप दोन-तीन गिळून तिथेच सुस्त पडलेला सापडतो. अर्ध्या इंचाची जाळी आणि फरशीचा तळ एवढे केले तरी निम्मी चोरी थांबते.

११. हे परवडते का?

एक लहान हिशेब करून पाहता येतो. आकडे गावानुसार बदलतील, रीत तीच राहील. समजा दहा अंडी ठेवली, दर अंडे १२ रुपये, म्हणजे १२० रुपये. कोंबडी तीन आठवडे बसली आणि आठ आठवडे पिल्लांत गुंतली. तेवढ्यात तिने पंचवीस अंडी दिली असती असे धरले तर आणखी ३०० गेले. पिल्लांचे खाद्य, लस, किरकोळ मिळून ५०० रुपये. एकूण ९२०. दहांपैकी आठ अंडी फुटली आणि त्यांतली सहा पिल्ले मोठी होऊन प्रत्येकी ३०० ला गेली, तर हाती १,८०० येतात. सहाऐवजी तीनच जगली तर ९००, म्हणजे खर्चही पुरता निघत नाही. आठाऐवजी नऊ अंडी फुटावीत म्हणून लोक झटतात. खरा पैसा मात्र निघालेल्या पिल्लांतली किती उरतात यावर ठरतो, आणि तो डालगे, जाळी आणि लस यांच्या हातात आहे.

कोंबडीचा वेळ वाचवण्याचीही सोय आहे. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवाव्यात आणि पिल्ले निघाली की सगळी रात्रीच्या वेळी एकीकडेच द्यावीत. बारा-तेरा पिल्ले एक कोंबडी सांभाळते. दुसरी जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस राहून लवकर अंड्यांवर येते.

१२. वेगळे होणे

सहा ते आठ आठवड्यांनंतर पिल्लांच्या अंगावर पुरती पिसे असतात. आईचे वागणे आता हळूहळू बदलते. सापडलेला किडा ती स्वतःच खाते. जवळ आलेल्या पिल्लाला एक टोच बसते, आधी हलकी, मग चांगली. एका संध्याकाळी ती पिल्लांबरोबर खाली न बसता खुराड्यातल्या आडव्या बांबूवर इतर कोंबड्यांशेजारी चढते. पिल्ले खाली थोडा वेळ ओरडतात आणि एकमेकांना चिकटून झोपतात. माणसाने वेगळे करायचे असेल तर याच सुमारास करावे, तेही पिल्लांना जुन्या जागी ठेवून आणि आईला हलवून. काही दिवसांत तिचा फिकट तुरा पुन्हा लाल होऊ लागतो, ती कोंबड्याला जवळ येऊ देते आणि कोपऱ्यातले टोपले तपासू लागते.